पिन माझ्या हातात होती

ही गोष्ट मी मनाने रचलेली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत आधी फिदीफिदी हसणारी मीच. आता हसत नाही.

आणि हो, हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. बस स्टॉपमागच्या गल्लीत, मोबाईलच्या सामानाच्या एका टीचभर दुकानात.

आधी बहिणीबद्दल सांगते.

आम्ही तिला मिठू म्हणतो, कारण ती अखंड बोलते. पण तिला ऐकू येत नाही. लहानपणी एक मोठा ताप आला आणि कान घेऊन गेला. सगळंच गेलं नाही. जाड, खालचे आवाज अजून जरासे पोचतात. ट्रकची घरघर, ढोल, दार आपटल्याचा दणका. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच.

आणि आमच्या आईचा आवाज अगदी बारीक होता.

मिठू बोलायला शिकली ती तापाआधीच, त्यामुळे बोलते छान. आईचं बोलणं ती ओठांवरून समजून घ्यायची. तेवढं तिला पुरायचं. फक्त एक वेळ सोडून.

रोज सकाळी आई तिची वेणी घालायची. पाठीमागे बसून. चारपेडी, घट्ट. ती मला कधी जमली नाही, मिठूलाही नाही. आणि वेणी घालताना आई तिच्या पाठीशी बोलत राहायची. मिठूला मानेवर श्वास जाणवायचा. ती म्हणायची, "काय बोलतेस गं आई?" मग आई वाकून पुढे यायची आणि ओठ नीट हलवून सांगायची, "काही नाही. गुंता काढतेय."

वेणी झाली की शेंडा हलकेच ओढायची. म्हणजे ऊठ आता.

आई काय बोलायची ते मला माहीत होतं. मी तिथेच डबे भरत असायचे. पण आईने मला शपथ घातली होती. "हिला कधी कळता कामा नये. कळलं तर ही मला आई म्हणणार नाही."

आई गेली. वर्षही झालं नव्हतं. मिठू मला एकच गोष्ट विचारायची...

"ताई, ती माझ्या पाठीमागे काय बोलायची गं? मला तिचा आवाज एकदा ऐकायचा होता. एकदाच."

मी विषय बदलायचे. दुसरं काय करणार?

तर, त्या दुपारी आम्ही इअरफोन घ्यायला गेलो. मिठू लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहायचं, मग कानात गाणी हवीत. तिला गाणं म्हणजे नुसता बास. कानात दणदण वाजलं पाहिजे, हाडात जाणवलं पाहिजे. आणि इअरफोन स्वस्त हवा, कारण वाफेने आणि घामाने वरचेवर खराब होतो.

दुकानदार मोठा बोलका होता. मिठूकडे तोंड करून, सावकाश बोलत होता. मला तो तिथेच आवडला.

"खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' सगळेच छापतात, मॅडम. छापायला काय जातं? खरी गोष्ट या रबरात आहे. कानात घट्ट बसलं नाही की सगळा बास गळून जातो."

मिठूची परीक्षा करायची पद्धत वेगळीच. ती इअरफोन आधी दातात धरते. मग कानामागच्या हाडाला लावते. धडधड जाणवली तरच कानात घालते.

"अहो मॅडम, दातात नका धरू! दुसऱ्या गिऱ्हाईकांना दाखवायचेत मला."

"मग गिऱ्हाईकांना सांगा, चव चांगली आहे," मिठू म्हणाली.

तिघंही हसलो. ते हसू मला अजून आठवतं.

बरेच इअरफोन झाले. एकाचा बास म्हणजे डब्यावर चमचा वाजवल्यासारखा. एकाचा चांगला, पण किंमत ऐकून मीच तो खाली ठेवला. शेवटी त्याने तळाच्या खणातून एक काळा, वायरचा काढला. छोटं रबर लावलं. पिन स्वतःच्या मोबाईलला जोडली आणि ढोलांचं काहीतरी सुरू केलं.

मिठूचा चेहरा उजळला. "हा! हा घेऊया ताई. पोटात वाजतंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने पिन काढून माझ्या हातात दिली आणि बोलत बोलत दाराशी गेला.

तेव्हाच वीज गेली. पंखा थांबला. दुकान एकदम शांत झालं...

पिन माझ्या हातात होती. कशालाच जोडलेली नव्हती.

आणि मिठू ऐकत होती.

डोळे मिटलेले. मान किंचित मागे गेली. परत सरळ झाली. परत मागे गेली...

मी ती हालचाल ओळखली. लहानपणापासून रोज सकाळी पाहिलेली. कंगवा गुंत्यात अडकला की मान अशीच मागे जाते.

"हळू गं, आई," मिठू म्हणाली.



मी तिचा दंड धरला. तिने डोळे उघडले नाहीत. "थांब ताई. बोलतेय ती. खालच्या आवाजात बोलतेय... मला ऐकू येतंय."

आणि ती ऐकेल तसं मोठ्याने बोलत गेली.

"'त्या दिवशी मी कामावर जायला नको होतं. तुझं अंग सकाळीच कोमट लागलं होतं. मला वाटलं, संध्याकाळी बघू... माफ कर गं मला, सोन्या.'"

अक्षर न् अक्षर तेच. आई रोज तिच्या पाठीशी हेच बोलायची. मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुकानदार दारातच खिळला होता. फोनवरचा माणूस हॅलो, हॅलो करत होता.

मिठूच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "एवढंच? रोज एवढंच बोलायचीस? वेडी आहेस का तू? ताप काय तुला विचारून आला होता? मी कधीच रागावले नव्हते गं. केलं माफ. ऐकलंस? केलं माफ. आता पुढे ये ना. समोर ये, मला बघू दे..."

कुणी पुढे आलं नाही.

तिची मान एकदाच, हलकेच मागे ओढली गेली. ऊठ आता, असं सांगितल्यासारखी.

वीज आली. पंखा फिरू लागला. मिठूने डोळे उघडले. "गेली," म्हणाली.

मी तिच्या पाठीमागे पाहिलं. सकाळी ती घाईघाईत केसांचा बुचडा बांधून निघाली होती. पिना मीच शोधून दिल्या होत्या.

आता पाठीवर वेणी होती. घट्ट. चारपेडी.

दुकानदाराने खोकंही दिलं नाही. इअरफोन तसाच माझ्या हातात कोंबला. "घेऊन जा," म्हणाला. "परत आणू नका."

मिठूने ती वेणी सोडायचं नाव घेतलं नाही. तशीच झोपायची, न्हायची नाही. हळूहळू ती सैल झाली आणि एका सकाळी उशीवर सुटून पडली. मिठू त्या दिवशी कामावर गेली नाही. मग म्हणाली, "माझं चुकलंच ताई. मी लगेच माफ करायला नको होतं. तिचं काम झालं, ती निघून गेली. नसतं केलं, तर रोज आली असती."

मी नुसती तिला धरून बसले.

तेव्हापासून ती केस विंचरत नाही. मुद्दाम गुंता ठेवते. सुटीच्या दिवशी दुपारी खिडकीशी बसते, दाराकडे पाठ करून. इअरफोन कानात, पिन मांडीवर. वाट बघत.

परवा मला बघवलं नाही. मी कंगवा घेतला आणि तिच्या मागे बसले. समोर जाऊन सांगायला हवं होतं, मी आहे म्हणून. पण कंगवा केसांना लागला आणि तिचे खांदे एकदम सैल पडले...

"आलीस?" ती म्हणाली. "आता मी माफ करणार नाही हं, आई. रागावलेय मी तुझ्यावर. खूप रागावलेय. तू येत राहा."

मला हुंदका आवरेना. आवरायची गरज नव्हती म्हणा, तिला ऐकू येणार नव्हता. मी गुंता सोडवत राहिले. साधी तिपेडी घालायची आणि उठून जायचं, एवढंच मनात होतं.

डोळ्यांत पाणी होतं, मला नीट दिसत नव्हतं. वेणी संपली. माझ्या हाताने शेंडा हलकेच ओढला. तो मी ओढला नव्हता.

डोळे पुसून पाहिलं...

चारपेडी होती.

काल मी लॅबमध्ये दोऱ्यांवर करून पाहिली. आज परत दोरे घेऊन बसले होते. मला ती अजूनही येत नाही.