बाबांची न मोडलेली संख्या

दारातच धडक झाली. हार्मेनच्या बशीतला सफरचंदाचा केक फेन्नाच्या काळ्या कोटावर आडवा झाला.

"माफ करा... तुम्ही विबेंची मुलगी ना? डोळे तेच आहेत. रागही तोच असणार."

"राग अजून यायचाय," ती म्हणाली. "आधी केक पुसा."

ग्रोनिंगन शहरातल्या त्या कॅफेत दर शनिवारी संख्यावेड्यांचं टेबल भरायचं. एकाने मोठी संख्या ठेवायची, बाकीच्यांनी ती मोडायची, म्हणजे तिला नि:शेष भागणाऱ्या लहान संख्या शोधायच्या. मोडेल त्याला केक. बाबांनी जाण्याआधी ठेवलेली शेवटची संख्या होती १३५७७५३१. ती अजून तशीच होती.

"सोमवारी बाबांच्या कबरीचा दगड कोरायला घेताहेत," फेन्ना टेबलाला म्हणाली. "ही संख्या, आणि खाली 'न मोडणारी'. खरंच मोडत नाही ना?"

टेबलावरची सर्वांत जुनी रूलफीन मावशी कॉफी ढवळत राहिली. बाकीचे आपापल्या कपात बघत राहिले. हार्मेनने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"नाही मोडत," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

ती सायकलकडे निघाली तेव्हा बाहेर भुरभुर होती. पोरं सणाचे कंदील घेऊन दारोदार गात होती. तो मागोमाग आला.

"तुम्ही खोटं बोललात."

"थंडीने कान—"

"आत शेकोटी होती."

तो हळूच म्हणाला, "दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येणारी, आठ अंकांची संख्या... अकराने जातेच. मला विबेंनीच शिकवलं. टेबलाला त्यांनी बजावलं होतं, ही कुणी मोडायची नाही, फेन्ना येईल, तीच मोडेल. मी वचन दिलं. आणि तुम्ही दगडाचं काढलंत... मला काही सुचेना. उद्या तुमच्या घरी येऊन सांगणार होतो."

तिला राग यावा असं वाटत होतं, पण नेमका कुणाचा ते कळेना. ओल्या खिडकीवर बोटाने तिने भागाकार मांडला. १२३४३२१.

तिचं बोट थांबलं. घरचा उभा जिना चढता-उतरता बाबा हेच म्हणायचे, तिला कडेवर घेऊन. एक दोन तीन चार, तीन दोन एक.

"अकराशे अकरा गुणिले अकराशे अकरा," ती म्हणाली. "मला लहानपणापासून पाठ आहे. आणि बाहेर उरले अकरा. दोन मोठे, अगदी सारखे... आणि शेजारी एक लहान. आई, बाबा आणि मी."

कंदील कोपऱ्यावर वळले. काचेवरचे आकडे ओघळू लागले.

"मोडली," हार्मेन म्हणाला. "केक तुमचा. म्हणजे... होता."

"तुम्ही माझ्याकडे असं का बघताय?"

"कळत नाहीये. विबे दर शनिवारी तुमच्याबद्दल सांगायचे. ओळख आजच झाली, तरी वाटतंय की—" तो अडखळला. "नाही, खरंच कळत नाहीये."

"मलाही," फेन्ना म्हणाली. सायकलचं उघडलेलं कुलूप तिने पुन्हा लावलं. "संख्या दगडावर राहील. खालचे दोन शब्द काढायला सांगते."

"आणि केक?"

"एकच घे," ती म्हणाली. तुम्हीचा तू कधी झाला, तिलाही कळलं नाही. "काटे दोन."