चौकटीवरची हळद

वाजवायला दारच नव्हतं, म्हणून त्यानं टाळी वाजवली.

कुरुंद्यातल्या आमच्या नव्या घराला भिंती होत्या, स्लॅब होता. दाराच्या जागी मात्र जुनी चादर लोंबत होती. माझी सून पल्लवी ती सारून बाहेर आली. हळद शिजवायचे दिवस होते. कढईवरून नुकतीच आलेली, कोपरापर्यंत हात पिवळे...

"पाणी मिळंल का, वहिनी?"

वसमतला त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. नाव बुद्धभूषण. शेजारी खिडक्यांची मापं घ्यायला आला होता. पाणी पिता पिता त्यानं चादरीकडं पाहिलं. "दार काहून न्हाई?"

"सागवान नको म्हणून," पल्लवी म्हणाली आणि आत निघून गेली.

बाकीचं मी सांगितलं. आयुष, माझा मुलगा, वनरक्षक होता. तीन वर्षांपूर्वी चोरीच्या सागवानाचा टेम्पो अडवायला तो रस्त्यात उभा राहिला. टेम्पो थांबला नाही.

माझ्या लहानपणी बैलगाडीतून सागवान यायचं. बायका त्यावरून हात फिरवायच्या, कुठून आलं म्हणून कोणी विचारायचं नाही. पल्लवी विचारायची. बाभूळ म्हणा, लिंब म्हणा, कुठल्या झाडाचं, कोणी तोडलं? उत्तर कोणापाशीच नसायचं. माझे चुलत दीर शेषराव चिडायचे, "चौकटीबिगर घर व्हय? लोक हसतील." ती म्हणायची, "हसू द्या. चादर बरी हाय."

आठवड्यानं बुद्धभूषण परत आला. हातात फिकट लाकडाचा तुकडा होता.

"ओक म्हणतात याला. परदेशातलं, जहाजानं येतं. याला शिक्का असतो... कुठल्या जंगलातलं, परवानगीनं तोडलं का, जागेवर नवं झाड लावलं का, सगळं तपासून मग देतात."

पल्लवीनं तुकडा हातात घेतला नाही. "यापायी कोणी मेलं न्हाई ना?"

त्यानं तुकडा हातात उलटासुलटा फिरवला.

"चोरीचं न्हाई, एवढं पक्कं सांगतो. माणसाचं... मी तिथं गेलेलो न्हाई, वहिनी. खोटं कसं बोलू?"

मला वाटलं, झालं, आता ही उठून जाणार. पण तिनं हात पुढे केला. "मग हेच आणा."

लाकूड आलं, तेव्हा त्यानं ते लगेच कापलं नाही. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून आमच्या ओसरीत रचून ठेवलं. म्हणाला, समुद्रावरून आलेलं लाकूड आहे, इथली कोरडी हवा त्याला सोसू द्यावी. घाई केली तर वाकडं होतं. मग तो चार-आठ दिवसांनी बघायला यायचा.

"लाकूड होतं तिथंच हाय," पल्लवी सुपातून मान वर न करता म्हणायची. "पळालं न्हाई."

"बघितल्याबिगर समाधान व्हत न्हाई."

"लाकडाचं?"

"...लाकडाचंच की."

ती हसली. तीन वर्षांनी आमच्यात कोणी हसलं होतं. मला बरं वाटलं, पण आयुषच्या फोटोकडं बघवेना.

चौकट तयार होऊन भिंतीला टेकवलेली होती, अजून तेल लावायचं होतं. पल्लवी कढईवरून आली, उंबऱ्यापाशी पाय अडखळला आणि तोल सावरायला तिनं ओला हात थेट लाकडावर टेकवला. पाचही बोटं उमटली. सागवानावर दिसलंही नसतं. या गोऱ्या लाकडानं हळद पिऊन टाकली.

"रंधा मारा," ती घाबरून म्हणाली. "वाया गेलं का समदं?"

त्यानं रंधा उचलला, परत खाली ठेवला. "खोल गेलंय. ऱ्हाऊ द्या."

त्या दिवसापासून त्यानं तिला वहिनी म्हणणं सोडलं. नावानंही हाक मारेना. नुसतं "अहो..."

चौकट बसवायच्या आदल्या दिवशी मी ओसरीमागं हळद वाळत घालत होते. आतून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"उद्यापासून मला यायला कारण न्हाई," तो म्हणाला.

"व्हय."

"तुमी... वसमतला याल? कायमच्या?"

मग तिचा आवाज, "मामींना कोण हाय? त्यांचा एक गेला. दुसरी मी कशी जाऊ?"

"मग मी परत इचारणार न्हाई," तो म्हणाला. "तकलीफ देणार न्हाई."

माझ्या हातातली हळकुंडं हातातच राहिली. ती गेली, तर या घरात मी आणि आयुषचा फोटो. राहिली, तर आम्ही दोघी धरून तीन फोटोच.

दुसऱ्या दिवशी चौकट बसली, तिला दारही लागलं. सुबक, सरळ. पण पंज्याची बाजू त्यानं आत, सावलीला घेतली होती.

"डाग आत काहून घेतलास?" मी विचारलं.

तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "हळदीचा रंग उन्हात उडतो, मावशी. आत असला, तर लई दिवस ऱ्हाईल."

पल्लवीनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

मी उठले. त्या पिवळ्या पंज्यावर माझा हात ठेवून पाहिला. तिची बोटं माझ्याहून लांब.

"हा हात माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," मी त्याला म्हटलं. "हिला घेऊन जा."

"मामी, न्हाई..."

"गप. रविवारी येत जा. आता वाजवायला दार हाय."

दर रविवारी दोघं येतात. पण रोज संध्याकाळी दार मीच लावते, एकटी. लावताना माझा हात आपसूक त्या पंज्यावर जातो. थोडा फिका झालाय. अजून दिसतो.