न पाळलेला दुखवटा

कढईतल्या उसाच्या रसाचे बुडबुडे आधी शेंगदाण्याएवढे होते. रस दाटत गेला तसे ते मोहरीएवढे झाले, आणि रोसेंदाने कढई खाली उतरवली.

"पाक जास्त घट्ट नको गं, माझ्या सिक्स्तोला मऊच लागतो," सासूबाई अंगणातून म्हणाल्या.

तेक्लाबाईंचे पाय आज जमिनीवर ठरत नव्हते. कोरियातली लढाई थांबली होती, कैदी सुटत होते, आणि सिक्स्तोच्या तुकडीतला दोमिंग कैदेतून सुटून आज दुपारच्या बसने गावात येणार होता. सिक्स्तो लढाईत पडल्याची तार दोन वर्षांपूर्वीच आली होती. पण देह आला नाही, म्हणून आईने ती मानलीच नव्हती. "जित्या माणसासाठी काळं घालशील तर त्याचं मरण तूच ओढवशील," असं त्यांनी सुनेला बजावलं होतं.

नवरा गेला की फिलिपिन्समधल्या या इलोकोस भागातली बाई वर्षभर काळं घालते, वर्ष भरलं की ते उतरवते, आणि मग ती मोकळी होते. रोसेंदाने काळं घातलंच नव्हतं, मग उतरवणार काय? डोंगरावरच्या बागियो शहरातल्या इस्पितळातली परिचारिकेच्या शिक्षणाची जागा तिने दोनदा सोडली. फुलाफुलांचा झगा घालून ती बाजारात जाई, बायका तोंडं फिरवीत... आणि ती ते सारं मुकाट्याने गिळून घरी येई.

"अख्खं डुक्कर?" अंगणात निखाऱ्यांवर भाजत असलेलं डुक्कर पाहून शेजारची बासिलिया कुंपणावरून हसली. "तेक्ला, त्या हडकुळ्या पोराला खाऊ घालून मारतेस की काय?"

"त्याच्या एकट्यासाठी नाही ते. मागोमाग माझा येईल."

दोमिंग आला. त्याने वाकून म्हातारीचा हात कपाळाला लावला, पानावर बसला. पहिला घास उचलतो तोच तेक्लाबाईंनी विचारलं, "सिक्स्तो कुठल्या छावणीत आहे रे?"

दोमिंगने घास खाली ठेवला आणि रोसेंदाकडे पाहिलं. सासूच्या पाठीमागे उभ्या रोसेंदाने हलकेच मान हलवली. नको... सांगू नकोस.

पण त्याची नजर कुठे गेली हे आईने टिपलं होतं. त्या गर्रकन सुनेकडे वळल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"तार आली त्या दिवसापासून, आई."

"आणि हे रंगीत कपडे?"

"तुमच्यासाठी घातले."

दोमिंग पानावरून उठून म्हातारीजवळ आला. "मावशी, मी पकडला जाण्याआधी माझ्या हातांनी त्याला मातीत ठेवलं. वर दगड रचले. तो एकटा नव्हता हो."

तेक्लाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले... दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"उद्यापासून काळं घाल, पोरी. मीही घालते. वर्ष भरलं की तुझं काळं मी माझ्या हातांनी उतरवीन, आणि बागियोच्या बसमध्ये तुला मीच बसवून देईन."