रडव्या बाळाचं पदक

नाबोरच्या पत्राला कासिल्दाने उत्तर दिलं नव्हतं. फाडलं नाही, जाळलंही नाही. चुलीमागच्या फळीवर ठेवलं आणि येता-जाता त्याला शिव्या घातल्या.

यातलं काहीही रचलेलं नाही. कोआत्साकोआल्कोस नदीच्या दलदलीतल्या त्या गावात झऱ्यावर आजही भर दुपारी कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही.

नाबोर तिचा धाकटा भाऊ. मे महिन्यात गावाने झरा उपसला, तेव्हा चिखलातून तळहाताएवढं, जेडच्या हिरव्या दगडाचं पदक निघालं. त्यावर बाळाचा चेहरा कोरलेला. ओठ खाली वळलेले, आता रडेल असा. फार पूर्वीच्या माणसांनी ते झऱ्यात राहणाऱ्या पाण्याच्या धन्यांना वाहिलेलं. परत ठेवा, असं सगळे म्हणाले.

नाबोरने ते उचललं आणि विकायला वेराक्रुसला पळाला.

मग पत्र आलं. ‘ताई, पदक अजून माझ्याकडेच आहे, भाव पटत नाही. पण खाल्लेलं अंगी लागत नाही. माझी सावली झऱ्यावरच राहिली. जाऊन मला हाक मार.’

पदक परत आणतो, असा एक शब्द नव्हता.

"सावलीही पाहिजे आणि पैसाही पाहिजे!" कासिल्दा कडाडली. "बस तसाच!"

पुढे तिची नात एल्विरा झऱ्यावर घसरली. बाहेर काढली, तर रडली नाही.

त्यानंतर खाणं नाही, बोलणं नाही. नुसती छताकडे बघत पडलेली...

सून फिदेन्सिया भडकली. "आई, गावभरच्या सावल्या घरी आणल्यात तुम्ही. आपल्या पोरीच्या वेळी मुहूर्त बघताय का?"

"तोंड आवर. मडकं दे."

टळटळीत दुपार होती. कासिल्दाने झऱ्याकाठी धूप पेटवला. मडक्याचं तोंड पाण्याकडे केलं आणि डहाळीने जमिनीवर फटके मारले. घाबरून पाण्यापाशी राहिलेली सावली अशीच बोलवायची, मडक्यातून घरी न्यायची.

"एल्विरा, ये. घरी चल."

बेडूक गप्प झाले.

"एल्विरा, ये गं..."

पाखरं थांबली. पाण्याचा आवाजही थांबला...

पाणी मात्र वाहत होतं.

"एल्विरा!"

मडक्यातून उत्तर आलं...

"आलो, ताई."

कासिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कोणी बोलावलं रे, चोरा? बाजूला हो! पोरीला येऊ दे!"

"मी नाही अडवत, ताई..."

"मग कोण?"

मडक्यातून अगदी हळू...

"पाण्याच्या धन्यांनी तिला मांडीवर घेतलंय. पदकातल्या बाळाच्या जागी."

तिने धूप लाथेने उडवला.

ते मडकं घरात न्यायची तिची छाती झाली नाही. काखेत मारून ती तशीच तालुक्याच्या टपाल कचेरीत गेली. उभ्या उभ्या एक ओळ लिहिली. ‘पदक घेऊन ये आणि स्वतःच्या हाताने पाण्यात ठेव, तोवर मी तुला हाक मारणार नाही.’

खिडकीतल्या तिबुर्सियोने पाकीट उलटसुलट केलं. "काय मावशी, अक्षर की कोंबडीचे पाय?" तो मोठ्याने वाचू लागला. "नाबोर उस्कांगा, वेराक्रुस. बरोबर?"

काखेतून आवाज आला...

"आलो, ताई."

तिबुर्सियोचा शिक्का हवेतच राहिला. "मावशी... आत कोण आहे?"

कासिल्दाने मडक्याच्या तोंडावर तळहात दाबला. हाताला गार श्वास लागला. ती खाली वाकली.

"रिकाम्या हाताने आलास तर पाय तोडीन," ती दात खाऊन म्हणाली. "आणि पोरीला काही झालं, तर तू तिथेच राहा. जन्मभर."

आत कोणीतरी हसलं. नाबोर नव्हे. लहान मूल...

एल्विराचं हसू तिला ओळखू आलं असतं. हे तिचं नव्हतं.

"बघतोस काय? मार शिक्का!"

शिक्का बसला. पत्र थैलीत पडलं.

कासिल्दाने हात मडक्यावरून काढला नाही.