धुतलेलं पिंप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या, सेन्याच्या बाबतीत घडलं. फिनलंडमधल्या आमच्याच इसाल्मीत, मागच्या डिसेंबरात.

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिच्या आईची, हिल्का मावशीची बेकरी आहे. तिथला काळा पाव ज्या लाकडी पिंपात आंबतो, ते कधीच धुवायचं नसतं. आत वाळून बसलेलं पीठ हेच पुढच्या पावाचं विरजण. थरावर थर. मावशीच्या पणजीच्याही आधीपासूनचे.

हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

पण गावातल्या जुन्या दुकानांचं प्रदर्शन भरणार होतं आणि पिंपाचा फोटो मोठ्ठा लागणार होता. मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कुओपिओच्या इस्पितळात. बेकरी पहिल्यांदाच सेन्याच्या ताब्यात. तिला त्या काळ्याकुट्ट पापुद्र्यांची लाज वाटली. तिने थोडं विरजण बरणीत काढून ठेवलं आणि पिंप गरम पाण्याने खसाखसा घासलं.

तपकिरी थर गेला. राखाडी थर गेला.

अगदी तळाशी एक तांबूस थर होता… तो निघेचना.

तेवढ्यात पाव घ्यायला शेजारच्या मार्ता आजी आल्या.

"अगं भवाने! काय करून बसलीस हे?"

"घासलं, आजी. फोटोसाठी."

आजींनी आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ही पाइनची साल आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पिठात मिसळायचे. या दाराबाहेर रांग लागायची, पोरी. कितीतरी जण रांगेतच गेले. झाक ते!"

"आजी, ही बेकरी आहे, कब्रस्तान नाही!"

आजी पाव न घेताच गेल्या.

दुपारी तीनलाच अंधार पडला. सेन्याने बरणी उघडली. विरजण मेलं होतं. वास नाही, बुडबुडा नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "नाताळच्या पावांचं पीठ भिजवलंस ना गं?"

"हो, आई."

विरजण गेलं म्हणजे बेकरी गेली. सेन्याने रडत रडत पिंपात नुसतं पीठ नि पाणी कालवलं, वर फडकं टाकलं.

मग बाहेर पायरीवर आवाज आला…

बुटांचा बर्फ झटकल्यासारखा.

तिने दार उघडलं. कुणीच नाही. पायरीवरचा बर्फ गुळगुळीत. एक पाऊलही नाही.

दार लावलं.

पुन्हा बूट. या वेळी पुष्कळ. कुणीतरी खोकलं. एक लहान मूल कण्हत होतं…

आणि तिच्या पाठीमागे, पिंपात, काहीतरी बुडबुडलं.

फडकं फुगून वर आलं होतं. ज्या पिठाला एरवी अख्खी रात्र लागते, ते काठाला लागलं होतं.

आमच्याकडे पीठ भिजवलं की हाताच्या कडेने त्यावर क्रूस काढतात. सेन्या गडबडीत विसरली होती.

पिठावर क्रूस होता.

तिने तो पाव भाजला. तुम्ही काय केलं असतं? नाताळ तोंडावर, आईला शब्द दिलेला. सकाळी लोक तुटून पडले. "सेन्या, आईपेक्षा भारी गं!" ती फुलून गेली.

दुपारी तेच लोक परत आले.

"आणखी एक दे ना. खाल्ला, पण पोटात काही गेल्यासारखंच वाटत नाही बघ."

संध्याकाळी पुन्हा तेच. कुणी हसत नव्हतं.

मावशी आली, तिनेही खाल्ला. आता बेकरी रोज गच्च भरते, आणि मावशी म्हणते, पोरीने नशीब काढलं.

परवा मी बेकरीवरून जात होते. दार बंद, दिवे बंद. सेन्या बाहेर बर्फात उभी होती, कोटाशिवाय. दारापासून बरीच लांब. पुढे माणसं असावीत तशी मध्ये जागा सोडून. मध्येच ती एक पाऊल पुढे सरकली… आणि थांबली.

तिला हाक मारायची, कोट द्यायचा, ओढत घरी न्यायचं, असं सगळं मनात आलं. खरंच आलं.

पण नाताळला त्यातला एक तुकडा मीही खाल्ला होता.

मी गुपचूप तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने माझ्या मागे कुणीतरी बूट झटकले.