मोतीरामच्या मांडीवरचं तेल

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या चंद्रभागा काकूच्या घरात, नाशिकला पंचवटीत, १९७८ च्या उन्हाळ्यात. तेही भर दुपारी.

मोतीराम काका पिठाच्या गिरणीत कामाला. गव्हाचं पोतं घसरून मांडीवर पडलं. हाड शाबूत राहिलं, पण महिन्याभरात मांडीत लिंबाएवढी टणक गाठ आली.

दवाखान्यात एक्स-रे काढला. फोटोत नुसता धुरकट डाग.

डॉक्टर म्हणाले, "मुका मार लागला की कधी कधी मांसात हाड धरतं. तसं असेल तर गाठीच्या कडेनं पांढरी रेघ येईल, मग भिण्याचं कारण नाही. नाही आली तर कॅन्सरची शंका. पाय काढावा लागेल. तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. तोवर चोळायचं नाही. चोळलं की गाठ वाढते, मग काहीच कळत नाही."

काकूची चार घरची धुणीभांडी, वर नवऱ्याची उठबस. बिचारीला रडायलाही सवड नव्हती.

दुसरा फोटो निघाला. गाठ मोसंबीएवढी झालेली. रेघ नाही.

फोटो काढणारे रंगनाथ वैतागले. "बाई, पायाला तेल लावून आणत जाऊ नका. माझी प्लेट खराब होते."

"तेल नाही लावलं हो," काकू म्हणाली.

त्यांनी मांडीला लावलेलं बोट पुढे केलं...

तेलकट.

डॉक्टरही तिच्यावरच उखडले. "चोळतंय कोण? आता शेवटचे तीन आठवडे. मग मुंबईला नेऊन पाय काढायचा."

घरी तेलाची बाटली होती तेवढीच भरलेली. काकूनं काकांना खोदून खोदून विचारलं.

"मला नाय माहीत," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी काकू कामावरून लवकर परतली. दारातच थबकली...

करंजाच्या तेलाचा वास.

काका गाढ झोपलेले. खोलीत दुसरं कोणी नाही. पण मांडीवरचं कातडं...

दबत होतं. वर सरकत होतं, खाली येत होतं. सावकाश.

आणि कॉटच्या कडेला श्वास... दम लागलेल्या म्हाताऱ्या बाईचा.

काकूनं तो ओळखला. तिची सासू गोजराबाई. कळवणकडं गावात कुणाचा पाय मुरगळला की चोळायला तिलाच बोलवायचे. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

काकूला भीतीपेक्षा थकवाच जास्त होता. ती उंबऱ्यावरच बसली, हात जोडले.

"आत्याबाई, पुरे करा. तुमच्याच हातानं पाय जाईल त्यांचा. मी करते त्यांचं सगळं. तुम्ही जा. परत येऊ नका."

श्वास थांबला...

कातडं स्थिर झालं. वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही.

तिसऱ्या फोटोत गाठीच्या कडेनं पांढरी रेघ आली, स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "हाडच आहे. पाय वाचला."

काकूला दवाखान्यातच रडू फुटलं. काका घरी येऊन कॉटवर आडवे झाले. मग म्हणाले, "तू म्हातारीला काय बोललीस?"

काकूनं फोटोचं पाकीट खाली ठेवलं.

"रोज दुपारी यायची. आता येत नाय," काका म्हणाले.

त्या पायानं काका पुढे वीस वर्षं चालले. काकूशी मात्र जेवणापाण्यापुरतंच बोलले.

काकू अजून मला विचारते, "माझं चुकलं का रे?"