आरवणाऱ्या तलंगा

"मॅडम, माझ्या तलंगा आरवायला लागल्या!" खुर्चीत टेकायच्या आधीच पूर्णगडच्या तेजस्वीने सांगून टाकलं.

हवालदारकीतून निवृत्त होऊन इरम परकारच्या कचेरीत मदतीला बसणाऱ्या हरिश्चंद्रकाकांना हसू फुटणार होतं. पण पोरीचे डोळे भरलेले बघून त्यांनी ते गिळलं. मिरजोळ्याच्या रितेशच्या उबवणी केंद्रातून तिने बचतगटासाठी पिल्लं नेली होती. आता त्यांच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या झाल्या, तर अंड्याचा पत्ता नाही, वर लालभडक तुरे आणि पहाटे बांग! गटातल्या बायका तिला तोंडावर चोर म्हणत होत्या.

"पिल्लांचा रंग?" इरमने विचारलं. गुप्तहेर बाई, पण बोलायला कंजूष.

"सगळी तांबडी. या जातीत तांबडं पिल्लू मादी, पांढरं नर. मी स्वतः निवडली."

तिघं मिरजोळ्याला पोचली, तर रितेश आधीच तापलेला. "मी कशाला फसवू? या बाबूनेच अंडी बदलली असणार!"

"मी?" कामगार बाबू उसळला. "माझ्या ट्रेमधल्या तलंगा मस्त अंडी देतायत, विचारा गिऱ्हाइकांना! मी कोरड्या फडक्याने पुसतो. यांच्या तलंगा काकींच्या ट्रेमधल्या, स्पिरिटने पुसलेल्या अंड्यांच्या."

कोपऱ्यात रितेशची आई, विमलाकाकी, भराभर अंडी पुसत होत्या. पुढ्यात स्पिरिटची वाटी, तळाशी पिवळा साका. रितेशने त्यांना पिवळी गोळी आणि पाणी दिलं.

"स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय," तो म्हणाला. "ही गोळी चुकवायची नाही. आधी तिच्यामुळे बोटं अशी आखडली, ब्लाउजचं बटण लागेना. आता गोळी अंगवळणी पडली."

काकींनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि पदराने ओठ टिपले. माउली हिमतीची, असं हरिश्चंद्रकाकांना वाटलं.

इरमने मात्र वाटी उचलली.

"अंडी कोणीच बदलली नाहीत. रंग आईबापांकडून येतो. पिल्लं तांबडी निघाली, म्हणजे ती माद्याच. पण गर्भात अंडाशय घडायला स्त्री-संप्रेरक लागतं. सुरुवातीलाच ते बंद पाडलं, की रंग मादीचा राहतो आणि अंग नराचं घडतं."

"अंड्यात शिरून ते बंद पाडणार कोण?" काकांनी विचारलं.

"काकींची गोळी. ते संप्रेरक बनू न देणं हेच तिचं काम. स्पिरिटमध्ये ती विरघळते आणि कवचातून आत मुरते. बाबूच्या अंड्यांना स्पिरिट लागलं नाही, ती वाचली. हा साका गोळीच्या पिवळ्या सालीचा. काकी, बोटं मोकळी झाली, कारण गोळी पोटात जातच नव्हती. पदरात जायची, मग वाटीत."

"आई?" रितेश आईसमोर उकिडवा बसला.

"बोटं वळत नव्हती रे बाळा," काकी पुटपुटल्या. "हातातून अंडी फुटायची. तू बाबूला म्हणालास, आईला आता घरी बसवूया. घरी बसून मी करू काय? गोळी फेकली असती तर तुला दिसली असती. वाटीत विरघळून जायची. या पोरीचं वाटोळं होईल, हे मला मेलीला काय ठाऊक?"

तेजस्वीचा राग कुठल्या कुठे गेला. "काकी, बायकांना मी समजावते. तुम्ही आधी डॉक्टरांकडे चला."

"काकी, गाठ परत लागतेय?" इरमने हळूच विचारलं.

काकींचा हात पदराआडून काखेत गेला आणि तिथेच राहिला.

रितेश धडपडत उठला आणि गाडीची किल्ली शोधू लागला. हरिश्चंद्रकाकांनी त्याची मूठ उघडून दाखवली. किल्ली तिथेच होती.